मे महिन्याची चार पुस्तके: कोणते आधी घ्यावे?

उन्हाळ्यात वाचायला काय घेऊ, असे एप्रिल संपता संपता मला दरवर्षी कोणीतरी विचारते. विचारणारी व्यक्ती बहुधा अशी असते, की जिचे वाचन नोकरी-संसारात मागे पडले, जिला ते पुन्हा हाती धरायचे आहे आणि जिच्याजवळ त्यासाठी मे हा एकच महिना आहे. अशा व्यक्तीला वीस पुस्तकांची यादी दिली तर ती यादीच राहते. म्हणून या वर्षी मेमध्ये मी जी चार पुस्तके पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, तीच एकमेकांशेजारी ठेवून पाहते आहे: विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’. यांपैकी पहिल्या तिघांची ओळख मला केवळ उताऱ्यांपुरती होती, आणि उतारा वाचलेला असला की पुस्तकही वाचलेले आहे असा आपला गैरसमज होतो. सलग वाचताना तिन्ही पुस्तके मला ‘रिंगाण’इतकीच नवी निघाली.

तुलना करण्याआधी वाचन कोणत्या परिस्थितीत झाले ते सांगायला हवे, कारण माझे बरेचसे निष्कर्ष त्यातूनच आले आहेत. आमच्याकडे मिरजेत मे महिन्यात थंड वेळ म्हणजे सकाळी साडेपाच ते सात. त्यानंतर पाणी भरणे, स्वयंपाक, येणारे-जाणारे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखणे. दुपारी दोन ते चार घर निजते आणि रात्रीची जेवणे उरकेपर्यंत साडेनऊ वाजतात. त्यातच आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती आणि काही आठवडे डोळ्यांना ताण द्यायचा नव्हता, म्हणून दुपारी मी तिला मोठ्याने वाचून दाखवायचे असे ठरले. सकाळचे वाचन माझे एकटीचे, दुपारचे दोघींचे, रात्रीचे जमेल तसे. मोठ्याने वाचताना पुस्तकाची पारख फार लवकर होते. डोळ्यांनी वाचताना आपण एखादे वाक्य सहज ओलांडून जातो. तोंडाने वाचताना प्रत्येक वाक्य उचलावे लागते आणि कोणते वाक्य जड आहे, कोणते नुसतेच लांब आहे, हे घशाला कळते.

म्हणून मी पुस्तकाचा मोठेपणा मोजत बसले नाही. चारही पुस्तके मोठीच आहेत. मी पाहिले ते एवढेच, की मध्येच उठावे लागले तर पुस्तक पुन्हा कुठूनही धरता येते का, ऐकणाऱ्याला ते पेलते का, त्याच्या भाषेशी जुळवून घ्यायला किती पाने जातात, आणि घेताना कोणती आवृत्ती हाती पडते.

आठवणींची दोन पुस्तके आधी घेते, कारण निवडीचा खरा पेच तिथे आहे. दोन्हींना १८५७ हे वर्ष जोडते. वरसई हे पेणजवळचे गाव. तिथले भिक्षुक विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडण्यासाठी काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि तिथे दक्षिणा चांगली मिळेल या बातमीवरून. वाटेत महूच्या आसपास त्यांना बंडाची चाहूल लागली आणि पुढची दोन-अडीच वर्षे हा दक्षिणेसाठी निघालेला माणूस उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, अयोध्या, काशी असा बंडाच्या वणव्यातून फिरत राहिला. ‘स्मृतिचित्रे’ सुरू होते तीही सत्तावनच्याच सावलीत. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना त्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, मुलांनी कुणाला शिवायचे नाही, आणि या सगळ्याचा काच पत्नीने आणि मुलांनी सोसायचा. एका पुस्तकात सत्तावन रस्त्यावर घडते आणि दुसऱ्यात ते स्वयंपाकघरात येऊन बसते. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका होते. झाशीच्या राणीचेही माहेरचे नाव तेच. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचली नसती तर हा योगायोग माझ्या ध्यानातही आला नसता.

‘माझा प्रवास’ वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती लेखकाची नजर. तो इतिहासकार नाही, शिपाई नाही, राजकारणीही नाही. कुठे किती दक्षिणा मिळाली, जेवणात काय होते, कुठल्या घाटावर स्नान केले, कोणत्या गावी कोण ओळखीचे निघाले, पैसे कमरेला बांधले की आणखी कुठे लपवले, हे तो भिक्षुकाच्या हिशेबी सवयीने टिपतो. आणि त्याच सवयीने झाशीचा वेढा टिपतो. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज फौजेने झाशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. शहरात झालेल्या कत्तलीला त्याचा शब्द ‘बिजन’ आहे, आणि त्या दिवसांतले लपून बसणे, तहान, आगी, लूट यांचे वर्णन तो आवाज न चढवता करतो. ही पाने मी आईला वाचून दाखवत होते. एरवी मध्येच पाणी मागणारी, ‘पंखा जरा कमी कर’ म्हणणारी आई त्या दुपारी चार वाजून गेले तरी काही बोलली नाही. झाशी सोडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभटांना झाशीची राणी पुन्हा भेटते, घामाधुळीने माखलेली आणि तहानलेली. ते पाणी शेंदून देऊ लागतात, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून ती दोर स्वतःच्या हातात घेते. एवढाच प्रसंग, पण राणीविषयी नंतर जे पुष्कळ लिहिले गेले त्या सगळ्यापेक्षा मला तो अधिक खरा वाटतो, कारण सांगणाऱ्याला त्यातून काहीही सिद्ध करायचे नाही.

या पुस्तकाची अडचण आवृत्तीची आहे आणि घेणाऱ्याने ती आधीच समजून घ्यावी. गोडसे भटजींनी हे लेखन घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून केले, आणि वैद्यांनी ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. काळ इंग्रजी राजवटीचा होता. वैद्यांनी भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही बदलला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली प्रत १९६६ मध्ये आली. त्यामुळे ‘माझा प्रवास’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी पुस्तके बाजारात आणि ग्रंथालयांत आढळतात. वैद्यांची प्रत ग्रंथालयातून आणून आणि मूळ बरहुकूम प्रत विकत घेऊन मी झाशीची प्रकरणे दोन्हींत वाचली. वैद्यांच्या प्रतीत वाक्य जिथे संपायला हवे तिथे संपते, वाचणाऱ्याचा श्वास पुरतो. मूळ प्रतीत वाक्ये एकात एक गुंतत जातात, जुने शब्द अर्थासाठी थांबवतात, पहिली वीस-पंचवीस पाने तर मी अक्षरशः अडखळत वाचली. पण त्यानंतर कानात एका माणसाचे बोलणे सुरू होते आणि ते थांबत नाही. कोकणातल्या ओसरीवर बसून आजोबांनी सांगावे तसे ते आहे. ज्यांना वीस पाने सोसण्याची तयारी आहे त्यांनी मूळ प्रतच घ्यावी. ज्यांचे वाचन बऱ्याच वर्षांनी सुरू होते आहे, त्यांनी वैद्यांच्या प्रतीने सुरुवात केली तर त्यात कमीपणा नाही. मात्र आपण गाळलेले पुस्तक वाचतो आहोत हे ध्यानात ठेवावे. दुकानात विचारताना पुस्तकाच्या नावाबरोबर संपादकाचेही नाव सांगावे, एरवी समोर येईल ती प्रत हाती पडते.

‘स्मृतिचित्रे’ला भाषेची अशी उंबरठ्यावरची अडचण नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, अक्षरओळख नवऱ्याने करून दिली; आणि १९३४ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत चार भागांत आलेले हे आत्मचरित्र आज उघडले तरी शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारावी तसे सुरू होते. वाक्ये लहान आहेत. एका प्रसंगाला दुसरा प्रसंग चिकटून येतो आणि प्रत्येक प्रसंग दोन-चार पानांत पुरा होतो. माझ्या मोजपट्टीत याचे मोल फार मोठे आहे. कुकरची शिटी झाली, दाराची बेल वाजली, आईला डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली, तरी पुस्तक मिटून पुन्हा उघडता येते आणि धागा सुटत नाही. ‘माझा प्रवास’मध्ये हे जमत नाही. तिथे आपण कोणत्या गावी आहोत हे विसरले की चार पाने मागे जावे लागते. मी तर शेवटी एका कागदावर गावांची नावे क्रमाने लिहून तोच कागद खुणेसाठी ठेवला.

पण ‘स्मृतिचित्रे’ सोपी आहे म्हणून ती हलकी आहे असे कोणी समजू नये. नारायण वामन टिळकांसारख्या कवीबरोबर, विलक्षण उदार आणि तितक्याच बेभरवशाच्या माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे त्यात आहे. घरखर्चाचे पैसे भलतीकडेच देऊन येणारा, न सांगता निघून जाणारा, रागावणारा आणि लगेच विरघळणारा हा नवरा. आणि १८९५ मध्ये तो मुंबईत बाप्तिस्मा घेतो तेव्हा बायकोच्या पायाखालची जमीनच सरकते. पुढची जवळजवळ पाच वर्षे दोघांची ताटातूट, नातेवाइकांच्या आधाराने मुलासह काढलेले दिवस, मग एकत्र येणे पण चूल वेगळी ठेवणे, आणि अखेरीस १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईच्या मनात जात देवाने केली की माणसाने असा विचार येतो, ती माणसानेच केली असे तिला स्वच्छ दिसते आणि त्या क्षणापासून ती कुणाच्याही हातचे खायला-प्यायला मोकळी होते, ही पाने मी दोनदा वाचली. एकदा सकाळी मनात आणि पुन्हा दुपारी आईसाठी. पहिल्या प्रकरणातला वडिलांचा धुण्याचा सोस आठवत असेल तरच त्या पानांचे वजन कळते. उताऱ्यातून हे कळण्याची शक्यताच नव्हती. लक्ष्मीबाई कुणाचा सूड उगवत नाहीत, स्वतःला मोठेपण देत नाहीत, आणि दुःखाच्या जागी आल्या की हमखास काहीतरी विनोदी आठवून सांगतात. आई हसता हसता डोळ्यांना हात लावू पाहायची आणि मला तिचा हात धरावा लागायचा.

आवृत्तीची काळजी इथेही घ्यावी लागते, पण तिचा प्रकार वेगळा. ‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, आणि घाईत तीच घेतली जाण्याचा संभव असतो. चारही भाग असलेली प्रत चारशे पानांच्या पुढे जाते, तेव्हा हातात पातळसे पुस्तक आले तर ते संक्षिप्त आहे असे समजावे. मी घरपोच मागवलेल्या प्रतीत आणखी एक घोटाळा निघाला. १९३ ते २०८ ही सोळा पाने दोनदा बांधलेली आणि त्यापुढचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून बांधलेला सोळा पानांचा जुडगा, गायब. पुस्तक मुडपून वाचायला घेतल्यावर, ऐन रंगात, हे ध्यानात आले. तेव्हा एक गोष्ट उपयोगी पडली. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त होते. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, म्हणजे १९९७ पासून हे पुस्तक सर्वांसाठी खुले आहे. राहिलेली सोळा पाने मी जुन्या प्रतीच्या छायाचित्रांवरून मोबाइलवर वाचली. गोडसे भटजींचे १९०७ चे पुस्तकही असेच खुले आहे. हात आखडता असेल तर ही दोन पुस्तके एक पैसाही न देता आणि कायदा न मोडता वाचता येतात. माडगूळकर आणि खोत मात्र विकत किंवा ग्रंथालयातूनच घ्यायला हवेत. मोबाइलवर सलग चारशे पाने वाचणे मला जमले नसते, आणि दुपारच्या उजेडात ते डोळ्यांना सोसतही नाही.

आता गावाच्या दोन कादंबऱ्या. या दोघींची तुलना मी थोडक्यात करणार आहे, कारण त्यांच्यातली निवड फारशी अवघड नाही.

‘बनगरवाडी’ १९५५ ची. औंध संस्थानातला एक कोवळ्या वयाचा मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला येतो, त्याला आधी मुले मिळत नाहीत, मग हळूहळू वाडी त्याला आपला मानते, त्याच्या पुढाकाराने तालीम उभी राहते, आणि नंतर पाऊस दगा देतो. गोष्ट एवढीच. पाने सव्वाशे-दीडशेच्या घरात. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, शेकू, अंजी ही माणसे येतात ती वर्णनातून येत नाहीत, काहीतरी करताना येतात. शेकूकडे दुसरा बैल नसतो तेव्हा त्याची बायको औताला खांदा देते. माडगूळकर यावर एक शब्दही अधिक खर्च करत नाहीत. माणदेशाचा काही भाग माझ्या जिल्ह्यातच येतो, तरी वैशाखात तिथली जमीन कशी दिसते हे मला या पुस्तकाने जितके दाखवले तितके एस.टी.च्या खिडकीने कधी दाखवले नव्हते. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणे माणदेशी, त्यामुळे नागपूरच्या किंवा पणजीच्या वाचकालाही कुठे अडत नाही. सकाळच्या दीड-दीड तासांच्या तीन बैठकांत माझे पुस्तक संपले. संपल्यावर दोन दिवस मी दुसरे काही हातात घेतले नाही.

‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून बरेच जण सध्या तेच मागतात. पुरस्कार योग्यच आहे. तरीही वर्षानुवर्षांनी वाचायला बसणाऱ्याला मी ते पहिले पुस्तक म्हणून सुचवणार नाही. धरणासाठी उठलेले गाव, नव्या जागी न रुजलेली माणसे आणि जुन्या, ओस पडलेल्या ठिकाणी मागे राहिलेली म्हैस, जिला आणायला माणूस माघारी जातो, असा तिचा गाभा आहे. खोत पन्हाळ्याच्या मुलखातले, आणि त्या मुलखाची बोली ते तोंडी लावण्यापुरती वापरत नाहीत. तिच्यातूनच त्यांची कादंबरी विचार करते. रान, पाऊस, जनावराचा माग, माणसाची भीती हे सगळे त्या बोलीच्या चालीत येते. माझ्यासारख्या कृष्णाकाठच्या वाचकालाही काही शब्दांपाशी थांबून आधी-नंतरच्या वाक्यांवरून अर्थ लावावा लागला. म्हणून हे पुस्तक तुकड्यांत वाचू नये. मी आधी रात्रीच्या उरल्यासुरल्या वेळात ते वाचायला घेतले आणि तीन रात्री फुकट घालवल्या. दर रात्री पुन्हा मागच्या पानांवर जात होते. मग एका रविवारी घरचे सगळे लग्नाला गेले असताना सकाळपासून सलग बसले, आणि तासाभराने ती भाषा परकी राहिली नाही. आईला मात्र ते ऐकून पेलले नाही. ‘हे तुझं तू वाच,’ म्हणाली.

दोन्ही पाठोपाठ वाचल्याने एक गोष्ट दिसली, ती इथे नोंदवते. ‘बनगरवाडी’तली वाडी रिकामी होते ती दुष्काळाने, आणि माणसे जनावरांना घेऊन जातात, पाऊस झाला तर ती परततीलही अशी एक फट मनात राहते. ‘रिंगाण’मधले गाव माणसांनी ठरवून उठवले आहे, परतायला जागाच शिल्लक नाही, आणि जनावर मागे राहिले आहे. साठाहून अधिक वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन कादंबऱ्यांमध्ये गाव सुटण्याचा अर्थच पालटला आहे, आणि तो पालट समजून घ्यायला दोन्ही वाचणे भाग आहे. फक्त आधी माडगूळकर, मग खोत. उलट क्रमाने वाचल्यास ‘बनगरवाडी’ आहे त्यापेक्षा सौम्य वाटेल, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

मग घ्यावे काय? ज्यांच्याजवळ महिनाभर रोज थोडा थोडा, तोही मोडता वेळ आहे, घरात माणसे आहेत, आणि कदाचित ऐकणारे कोणी वडीलधारे किंवा जाणते मूल आहे, त्यांनी बिनदिक्कत ‘स्मृतिचित्रे’ घ्यावी. चौघांत एकच निवडायचे झाले तर माझी निवड तीच आहे, आणि ती केवळ सोयीपोटी नाही. दर दुपारी वीस-पंचवीस पाने या चालीने आमची ती अठरा दिवसांत संपली, आणि त्या अठरा दिवसांत संध्याकाळी भाजी निवडतानाही आम्ही टिळकांविषयी असे बोलत होतो, जसे शेजारच्या एखाद्या हट्टी पण मायाळू माणसाविषयी बोलावे. दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने घरात अशी जागा धरली नाही.

ज्यांना सलग तीन-चारच मोकळे दिवस मिळणार आहेत, गावी जाताना पिशवीत एखादेच पुस्तक ठेवायचे आहे, त्यांना ‘बनगरवाडी’. ज्यांचे वाचन चालू आहे, ज्यांना या काळातले मराठी गद्य कुठवर आले आहे ते पाहायचे आहे आणि ज्यांना एखादा अखंड दिवस काढता येतो, त्यांनी ‘रिंगाण’ जरूर घ्यावी आणि पहिल्या चाळीस पानांत खाली ठेवू नये. इतिहासाची ओढ असणाऱ्यांना ‘माझा प्रवास’ सांगायलाही नको. पण मी ते आणखी एका प्रकारच्या वाचकासाठी सुचवीन. ज्यांना ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या अलंकारिक भाषेचा कंटाळा आला आहे, त्यांनी एकदा हा साधा भिक्षुक काय पाहतो आणि कसे सांगतो ते वाचावे. त्यासाठी सकाळची वेळ चांगली. झाशीची पाने रात्री झोपण्यापूर्वी वाचू नयेत. मी वाचली, आणि झोप लागली नाही.

दोन पुस्तके घ्यायची असतील तर ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘माझा प्रवास’ ही जोडी एकाच महिन्यात घेऊ नये, असे मला आता वाटते. दोन्ही आठवणींची, दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या ब्राह्मण घरांतून निघालेली आणि दोन्ही आपापल्या परीने लांब पल्ल्याची; पाठोपाठ वाचताना दुसऱ्याचा ठसा थोडा पुसट होतो. माझ्याकडून तसे झाले आणि विष्णुभटांची काशी-अयोध्येची प्रकरणे मी जेवढ्या लक्षाने वाचायला हवी होती तेवढ्या लक्षाने वाचली नाहीत. ‘स्मृतिचित्रे’बरोबर ‘बनगरवाडी’ चांगली जाते. एक दुपारी, एक सकाळी. आणि ज्यांना सकाळी फक्त पंधरा मिनिटे मिळतात त्यांनी दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ जवळ ठेवावे. त्यात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यामहिन्यावर लेख आहेत, त्यांतले वैशाख आणि ज्येष्ठ तेवढे मेमध्ये वाचावेत आणि बाकीचे त्या त्या महिन्यासाठी राखून ठेवावेत.

खरेदीविषयी शेवटचे. चारही पुस्तके विकत घेण्याची घाई करू नये. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, आणि तालुक्यातालुक्यांतही अनुदानावर चालणारी वाचनालये आहेत, जिथे ‘बनगरवाडी’ आणि ‘स्मृतिचित्रे’ हमखास मिळतात. सुट्टीत महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्यांना वाटेत भिलार लागते. मे २०१७ मध्ये तिथे पुस्तकांचे गाव सुरू झाले. घराघरांत मांडलेल्या कपाटांतून हवे ते पुस्तक काढून अर्धा तास वाचून पाहावे आणि मगच ठरवावे. ‘रिंगाण’ मात्र विकत घ्यावी, कारण ती एकदा वाचून पुरी होत नाही आणि लिहिणारा आपल्या काळात लिहितो आहे. ‘स्मृतिचित्रे’ घेत असाल तर अनुक्रमणिकेत चौथा भाग आहे का ते पाहून घ्यावे, आणि पैसे देण्याआधी दुकानातच पाने उलटून सगळे फर्मे ओळीने आहेत याची खात्री करावी.